नायिकेच्या अंगी दोष मुरवताना

नवी कादंबरी हाती घेतली की मुख्य पात्राच्या कागदावर 'रागीट', 'हट्टी', 'भित्री' असे शब्द लिहून टाकावेसे वाटतात. तो मोह आवरायचा, कारण विशेषणातून प्रसंग सुचत नाहीत. रागीट माणूस नेमका कशावर रागावतो, कुणावर कधीच रागवत नाही आणि रागावल्याने त्याचं कोणतं काम सोपं होतं, यातलं काहीच त्या शब्दात नसतं. म्हणून मी दोषाच्या आधी पात्राचं कसब लिहून काढते. या माणसाला इतरांपेक्षा चांगलं काय जमतं, ते रोज कुठे वापरावं लागतं, त्याची शाबासकी कोण देतं. दोष नंतर त्याच मातीतून निघतो, आणि तसा निघालेला दोष वाचकाला चिकटवलेला वाटत नाही.

एक पात्र पुरतं घडवून दाखवते, म्हणजे पद्धत कळेल. मृणाल, वय ४४, ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर. तिचं कसब म्हणजे मोजणी. शस्त्रक्रिया सुरू होण्याआधी, पोट शिवायला घेण्याआधी आणि शेवटी त्वचा शिवताना गॉज, सुया, चिमटे मोजायचे असतात. दोघींनी मिळून, मोठ्याने, आणि आकडा फळ्यावर लिहायचा. तो जुळला नाही तर सगळे थांबतात. वीस वर्षं हे काम केलेल्या बाईच्या मनात एक नियम पक्का बसलेला असतो: लिहिलेलं नाही म्हणजे केलेलं नाही. थिएटरमध्ये हा नियम माणसं वाचवतो. आता हाच नियम घरात आणायचा, जिथे नोंदवही नसते आणि माणसं तोंडी सांगतात. दोष तयार झाला. मृणालने स्वतः न मोजलेली गोष्ट मृणालच्या लेखी घडलेलीच नसते.

यानंतरचा कागद मला सगळ्यात उपयोगाचा वाटतो. त्यावर एकच गोष्ट वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून लिहायची. मृणाल या सवयीला 'शिस्त' म्हणते. धाकटा भाऊ निखिल 'संशय' म्हणतो. वडील कौतुकाने 'आमची मृणाल पक्की आहे' म्हणतात. हाताखालची शिकाऊ सिस्टर मैत्रिणीला फोनवर 'जाच' म्हणते. चारही नावं खरी आहेत. पात्राभोवतीच्या सगळ्यांना त्याचा दोष एकाच नावाने दिसत असेल, तर ती माणसं लेखकाच्या वतीने बोलताहेत असं समजावं. आणि पात्राला स्वतःला त्या सवयीसाठी एखादं सन्मानाचं नाव सापडत नसेल, तर दोष अजून त्याचा झालेलाच नाही. आपण उतावळे आहोत असं कुणी मानत नाही, आपण वेळ वाया घालवत नाही असंच मानतो.

याच कागदावर आणखी एक ओळ लागते: या दोषाचा रोजचा फायदा काय? फायदा नसलेली खोड माणूस कधीच टाकून देतो. मृणालला पुन्हा मोजल्यावर झोप लागते. शिवाय, सगळं आपणच पाहतो म्हटल्यावर कुणाकडे काही मागायची वेळ येत नाही. हा दुसरा फायदा तिला ठाऊक नाही, मला मात्र असायलाच हवा, कारण कथानकाचा शेवटचा तिसरा भाग त्याच्यावर उभा राहणार आहे.

महाभारतातल्या युधिष्ठिराचा द्यूताचा प्रसंग या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. द्यूताने कलह होतो हे त्याला कळतं आणि तो ते बोलूनही दाखवतो. पण आव्हान आलं तर माघार घ्यायची नाही, हे त्याचं व्रत. ज्या गुणासाठी आपण त्याला मान देतो, तोच त्याला फाशांपर्यंत नेतो. जुगाराचं व्यसन असलेला राजा एवढंच पात्र असतं, तर सभेतल्या त्या दिवसाने वाचकाचा इतका जीव कासावीस झाला नसता.

दिखाऊ दोषांपासून सावध राहायला हवं. धडपडणं, वस्तू विसरणं, उशिरा येणं, फटकळ बोलणं. यांनी पात्र गोड होतं, पण त्यांची किंमत कुणीच मोजत नाही. ओळखायची युक्ती अशी: हस्तलिखितातून तो दोष पूर्ण काढून टाकायचा आणि प्रसंगांची यादी वरून खाली वाचायची. एकही प्रसंग कोसळत नसेल, तर ती फक्त सजावट होती. सजावट असू द्यावी, फक्त तिला दोष म्हणून मोजू नये. दुसरा फसवा प्रकार म्हणजे नोकरीच्या मुलाखतीत सांगतात तसले दोष: अती प्रामाणिक, अती प्रेमळ, दुसऱ्यांसाठी स्वतःला विसरणारी. लेखकाचा जीव पात्रात इतका गुंतलेला असतो, की त्याला बोल लागेल असं काही लिहवत नाही. अशा वेळी स्वतःला सरळ विचारावं, की या माणसाने आतापर्यंत कुणाचं नुकसान केलं? नाव घेऊन उत्तर देता आलं पाहिजे.

संख्येबद्दल म्हणाल, तर एक मुख्य दोष आणि त्याच्यापासून निघालेल्या दोनतीन सवयी एवढं पुरतं. पाच स्वतंत्र दोष दिले की पात्र विखुरतं आणि प्रत्येक प्रसंगात सोयीचा दोष बाहेर काढायची सवय लेखकालाच लागते.

पूर्वायुष्याबद्दल माझी मतं थोडी कडक आहेत. बालपणी एक भयंकर घटना घडली आणि त्यातून सगळं आलं, ही मांडणी पात्राला यंत्र करून टाकते. माणसाचा स्वभाव एका कारणाने बनत नाही. मृणालसाठी मी तीन कारणं ठेवते. बाराव्या वर्षी आई गेल्यावर घराच्या किल्ल्या तिच्याकडे आल्या. शिकाऊ असताना एका कडक वरिष्ठ सिस्टरने तिला सगळ्यांसमोर पुन्हा मोजायला लावलं. आणि तिसरं, तिला मोजायला मुळात आवडतं, पायऱ्या, खांब, पक्षी. या तिसऱ्याला काहीही कारण नाही, आणि बाकीच्या दोन कारणांना खरेपणा त्यानेच येतो. स्वतःसाठी यावर दोन पानं लिहावीत. कादंबरीत त्यातल्या पाचसहा ओळींपेक्षा जास्त येऊ नयेत आणि पहिल्या चतुर्थांशात तर येऊच नयेत. आधी वाचकाने तिला तसं वागताना पाहायचं, स्वतःचा तर्क लढवायचा, मग कारणाचा थोडासा भाग हाती लागायचा. हा क्रम उलटा केला तर वाचक तिच्याकडे रुग्ण म्हणून पाहू लागतो आणि तिच्या प्रत्येक निर्णयाला आधीच माफी मिळून जाते.

आता वाक्याच्या पातळीवर येऊ. 'मृणालचा कुणावर विश्वास बसत नसे' हे वाक्य खरं आहे आणि निरुपयोगी आहे. त्याऐवजी:

"दार लावलंय मी, ताई," निखिल म्हणाला.
"बरं," मृणाल म्हणाली. थोड्या वेळाने पाणी प्यायला उठली आणि येताना कडी बघून आली.

इथे 'पाणी प्यायला' हे शब्द महत्त्वाचे आहेत. ती उघडपणे उठून कडी तपासत नाही, निमित्त काढते, म्हणजे निखिलला लागेल हे तिला कळतं. दोष असलेली माणसं दोष झाकण्यात बरीच हुशार असतात, आणि त्या हुशारीत त्यांचा स्वभाव दिसतो. हेच प्रथमपुरुषी निवेदनात लिहायचं तर मृणाल स्वतःच्या तोंडाने 'मी संशयी आहे' म्हणणार नाही. ती म्हणेल, 'त्याला वाईट वाटू नये म्हणून तो झोपेपर्यंत थांबले आणि मग कडी पाहिली.' तिला यात आपली माया दिसते, वाचकाला दुसरंच दिसतं. प्रथमपुरुषी निवेदनात दोष याच फटीतून दाखवावा लागतो. पात्राला स्वतःबद्दल सगळं नीट कळत असेल आणि ते सगळं नीट सांगत असेल, तर वाचकाला करायला काही उरत नाही.

दोष कादंबरीत कुठे कुठे दिसणार, हे आखून ठेवणं गरजेचं. ७० हजार शब्दांच्या मजकुरात मी सहा जागा धरते. पहिली जागा पहिल्या तीन हजार शब्दांत, आणि तिथे दोषाचा विजय होतो: एक गॉज कमी भरतो, सर्जन घाईत आहेत, 'तुझं मोजणं चुकलं असेल' म्हणतात, मृणाल हलत नाही, आणि गॉज रुग्णाच्या अंगावरच्या कापडाच्या घडीत सापडतो. वाचक पूर्णपणे तिच्या बाजूने. हा क्रम फार मोलाचा आहे, आणि त्याला एका प्रयोगाचाही आधार आहे. १९६६ साली एलियट अ‍ॅरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना प्रश्नमंजूषेच्या उमेदवाराच्या ध्वनिफिती ऐकवल्या. एकात उमेदवाराची ९२ टक्के उत्तरं बरोबर, दुसऱ्यात ३० टक्के. काही फितींमध्ये शेवटी त्याच्या हातून कपड्यांवर कॉफी सांडते. हुशार उमेदवार कॉफी सांडल्यावर ऐकणाऱ्यांना जास्त आवडला, बेताचा उमेदवार मात्र आणखी नावडता झाला. पात्राचं कसब पानावर दिसण्याआधी त्याचा घोळ दाखवला, तर वाचक त्याला नालायक ठरवून मोकळा होतो, तो असा.

दुसरी जागा कडीची. कुणाचं काही बिघडत नाही, थोडं हसू येतं. तिसऱ्या जागी शिकाऊ सिस्टरने मोजलेलं मृणाल सगळ्यांसमोर पुन्हा मोजते. आकडा बरोबरच असतो, पण दुसऱ्या आठवड्यात ती मुलगी पाळी बदलून मागते. पहिली किंमत, आणि ती दुसऱ्याने दिलेली. चौथ्या जागी वडील आजारी. निखिलने त्यांच्या आठवड्याच्या गोळ्या डबीच्या कप्प्यांत भरून ठेवल्या आहेत. मृणाल रात्री त्या सगळ्या बाहेर काढून पुन्हा भरते. सकाळी निखिलच्या लक्षात येतं, कारण त्याने पांढरी गोळी खाली ठेवली होती आणि आता ती वर आहे. तो काही बोलत नाही. इथे लेखकानेही बोलू नये. पाचव्या जागी कुणीतरी तिला स्पष्ट सांगतं, आणि तिच्याकडे चोख उत्तर असतं: त्या दिवशी गॉज सापडला की नाही? पहिला विजय इथे तिच्याच कामी येतो आणि तिला आणखी खोल नेतो.

सहावी जागा ४५ हजार शब्दांच्या आसपास. वडिलांना जेवणाआधी लवकर काम करणारं इन्सुलिन द्यायचं असतं. निखिल ते देतो, इतक्यात फोन वाजतो आणि तक्त्यावर नोंद करायची राहते. दहा मिनिटांनी मृणाल येते. "दिलंय, ताई." तक्ता कोरा. ती वडिलांच्या बोटाला सुई टोचून साखर तपासते: २६०. आता, हे इन्सुलिन काम करू लागायला साधारण पंधरा मिनिटं लागतात आणि त्याचा जोर तासादोनतासाने येतो. म्हणजे दहा मिनिटांनी आलेला आकडा काहीच सिद्ध करत नाही. मृणालला हे ठाऊक आहे. पण त्या क्षणी तिला तो आकडा भाऊ खोटं बोलल्याचा पुरावा वाटतो. ती तेवढंच इन्सुलिन पुन्हा देते. वडील जेवण अर्धं टाकतात. दीड तासाने त्यांना दरदरून घाम फुटतो आणि बोलणं अडखळू लागतं.

या प्रसंगात तिने केलेली प्रत्येक गोष्ट तिच्या गुणांच्या यादीत होती. तिने नोंद पाहिली, स्वतः तपासलं, पुराव्याशिवाय विश्वास ठेवला नाही. पण अशी जागा लिहिताना एक मोठा धोका असतो: त्या पेशातला वाचक म्हणेल, 'इतक्या अनुभवी सिस्टरला हे कळलं नसतं होय?' त्याचं उत्तर या प्रसंगात द्यायला गेलात तर फसाल, ते आधीच पेरलेलं असावं लागतं. म्हणून कितीतरी आधी, तिसऱ्या जागेच्या आसपास, मृणालच एका शिकाऊ मुलीला हीच वेळ समजावून सांगताना दिसते. त्यामुळे वाचकालाही माहीत, तिलाही माहीत, आणि तरी तिचा हात थांबत नाही. चूक अज्ञानातून झाली असती तर तो अपघात ठरला असता. दोष तेव्हाच खरा वाटतो, जेव्हा तो माणसाच्या ज्ञानावरही मात करतो.

सहाव्या जागेनंतर नवी पायरी नको. उरलेल्या २५ हजार शब्दांत फक्त परिणाम. सगळ्यात जास्त हस्तलिखितं बिघडतात ती इथेच. लेखकाला पात्राची दया येते आणि तो भोवतीच्या माणसांना माफ करायला लावतो. निखिल तिसऱ्या पानावर म्हणतो, "तुझी चूक नव्हती, ताई," आणि आधीची सगळी मेहनत वाया जाते. निखिलला त्याचा स्वतःचा राग हवा. तो तिच्याशी नीट वागेल, डॉक्टरांशी तोच बोलेल, बाबांच्या खोलीत मात्र तिच्या हातात औषध देणार नाही. दुसरा बिघाड म्हणजे लांबलचक पश्चात्ताप. वाचक पात्राला क्रौर्यही माफ करतो, त्याला नेमकं काय हवं होतं हे कळलेलं असेल आणि त्याने त्याची किंमत दिली असेल तर. स्वतःची कीव करणारं पात्र मात्र त्याला चार पानंही सोसवत नाही. तिसरा बिघाड, दोषाला वैद्यकीय नाव देऊन हात झटकणं. पात्राला खरोखर आजार असेल तर तो आजार म्हणून, त्याच्या लक्षणांसकट, अभ्यास करून लिहावा. स्वभावाला आजाराचं लेबल लावलं की निर्णयाची जबाबदारी संपते आणि तिच्याबरोबर गोष्टही.

आतापर्यंत सगळं एका सरळ रेषेत आहे, आणि माणूस तसा नसतो. त्यासाठी अपवाद लागतात. दोष जिथे लागू होत नाही अशा निदान दोन जागा मी शोधते. सगळं तपासणाऱ्या मृणालच्या स्वतःच्या रक्ततपासणीचं पाकीट चार महिने न उघडता कप्प्यात पडलं आहे. आणि थिएटरची साफसफाई करणाऱ्या एका मावशींचा शब्द ती कधीच पडताळत नाही, का ते तिलाही सांगता येणार नाही. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली सपाट आणि भरीव पात्रांतला फरक सांगताना कसोटी दिली होती: पात्र आपल्याला चकित करू शकतं का, आणि तेही पटेल अशा रीतीने? अपवादांचं काम तेच. चकित करणं सोपं असतं, पटवण्यासाठी त्या अपवादाला दोषाशी आतून नातं लागतं. न उघडलेलं पाकीट पटतं, कारण मोजल्यावर जे कळेल ते एकटीने सोसावं लागेल, आणि कुणाकडे काही मागायचं नाही हा तिचा छुपा फायदा आपण आधीच लिहून ठेवला आहे.

व्यक्तिमत्त्वाचा बाकीचा भाग दोषाशी संबंध नसलेल्या गोष्टींतून भरायचा, आणि तो मनापासून भरायचा. तिला हसू कशाचं येतं? खोलीत शिरल्यावर पहिली नजर कुठे जाते? नकार कसा देते, तोंडावर, की विषय बदलून? एकटी असताना काय गुणगुणते? माझा अनुभव असा, की वाचक पात्रावर जीव लावतो तो या बारीकसारीक गोष्टींमुळे, आणि मग दोष दिसला की त्याला तो आपल्या माणसाचा वाटतो. नखं खाणं, चष्मा सारखा करणं अशा लकबींना मात्र आळा घालावा. पूर्ण पुस्तकात तीनदा, आणि तिसऱ्यांदा तिचा अर्थ बदललेला असावा.

मसुदा पहिल्या वाचकांना देताना 'मृणाल आवडली का?' असं कधी विचारू नये, लोक भिडेखातर हो म्हणतात. दोनच गोष्टींवर खुणा करायला सांगायच्या: कुठे तिचा राग आला, आणि कुठे तिच्या जागी तुम्हीही तेच केलं असतं. दोन्ही खुणा एकाच पानावर पडल्या, तर ते पान हात न लावता ठेवून द्यावं. नुसत्या रागाच्या खुणा सलग दिसल्या, तर तिला काय हवंय हे तिथे धूसर झालेलं असतं, आणि नुसत्या सहमतीच्या असतील तर तिला काही किंमत पडत नाहीये. चारपाच वाचक यासाठी पुरेत, त्यात एखादी त्या पेशातली असली तर फारच बरं.

बदल किती दाखवायचा, हा शेवटचा प्रश्न. वीस वर्षांची सवय एका आघाताने जात नाही. मृणाल मोजतच राहील, फक्त एखाद्या ठिकाणी थांबेल. हे मी भाषेत पकडते. सुरुवातीलाच तिच्यासाठी वर्ज्य शब्दांची यादी केलेली असते: 'बहुतेक', 'साधारण', 'असेल', 'वाटतं'. खात्री नसलेलं वाक्य ती उच्चारतच नाही, माहीत नसेल तर 'बघून सांगते' म्हणते. मसुदा पुरा झाला की संगणकावर हे चार शब्द एकेक करून शोधायचे. सहाव्या जागेआधीच्या तिच्या संवादात जिथे सापडतील तिथे वाक्य बदलायचं, निवेदनातले राहू द्यायचे. त्यानंतरच्या भागात यांपैकी कोणताही शब्द तिच्या तोंडी तीनपेक्षा जास्त वेळा नको, आणि त्यातला निदान एक निखिलशी बोलताना हवा, एखाद्या अगदी किरकोळ गोष्टीबद्दल: "दूध आणलं असेल त्याने." त्या वाक्यानंतर ती फ्रीज उघडून बघते की नाही, हे ठरवायला मला नेहमी सगळ्यात जास्त वेळ लागतो.